घासलेटाची वरची धार

शुक्रवार, कार्तिक वद्य पंचमी. मस्तगड, जालना.

घासलेट आज परत महागलं. शेजारच्या यमुनाबाई शेठच्या दुकानात बाटली घेऊन आल्त्या. मी माप ओतलं, तरी बाटली पुढं धरून उभ्याच. वरच्या धारेची वाट बघत होत्या. माझं दुकान होतं तेव्हा माप झालं की वर एक धार मी देतच होतो. म्हटलं, "बाई, शेठनं बंद केली ती." त्या म्हणाल्या, "शेठनं केली. हात तर तुमचाच हाय ना?"

मी बाटलीला बूच लावून त्यांच्या हातात दिली.

हाच शेठ स्टेशनजवळच्या गोदामातून आम्हा तिघा दुकानदारांना डबे द्यायचा. त्याला इथं स्वतःचं दुकान काढायचं होतं, तर जागा मीच दाखवली. वाटलं, गोदामवालाच जवळ आला तर मधला खर्चा वाचेल, तेल स्वस्त होईल. झालं बी स्वस्त. आम्हाला ज्या भावानं डबा द्यायचा, त्याच्याहून कमी भावानं गिऱ्हाइकाला विकायला लागला. आमची तिन्ही दुकानं बंद पडली. मंग भाव जो चढला, तो अजून चढूनच राह्यलाय. मधला खर्चा वाचला, बराबर. मधले म्हणजे आम्हीच होतो, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई. आता त्याच्याच दुकानात माप धरतो.

संध्याकाळी घरासाठी बाटली भरली. माप रिकामं झालं आणि हात सवयीनं वरच्या धारेकडं वळला. शेठ गोदामावर होता, दुकानात कुणीच न्हवतं.

तरी मी हात आवरला.