मधलीची खुर्ची

९ जानेवारी

सिस्टर आजही आली नाही. खुर्ची मांडली, तिच्यावर तिची हिरवी शाल टाकली आणि तालीम सुरू! शाल कशी पडली पाहिजे हेसुद्धा नाटक बसवणाऱ्या बाईंचं ठरलेलं. 'पोतं टाकल्यासारखी नको गं, माणूस बसल्यासारखी.' तीनदा टाकायला लावली.

मी इथे चार दिवसांसाठी आले होते. कॉलेज सोडलं, मोबाइलच्या कव्हरांचं दुकान सोडलं, डोंगरावरच्या हॉटेलातली नोकरी सोडली, तेव्हा आई म्हणाली, तुझ्या पायाला भिंगरी आहे, मावशीकडे जा, ती तरी धरून ठेवेल. मावशीनं धरलं-बिरलं नाही, सरळ तालमीला नेलं. ते उन्हाळ्यात. आता थंडी पडली तरी सगळ्या मला पाहुणीच म्हणतात.

पाय दुखतायत. बस.

११ जानेवारी

नाटकात तीन बहिणी मेलेल्या आईचं कपाट आवरतात. एवढंच नाटक! थोरली म्हणजे मास्तरीण. ती खरीच शाळेत शिकवते, तालमीतही पेपर तपासत बसते, स्वतःचं वाक्य आलं की लाल पेन कानावर. मधली म्हणजे सिस्टर, सरकारी दवाखान्यात नर्स. आणि धाकटी, नुकतीच कॉलेजात गेलेली अवखळ मुलगी, म्हणजे कोण? माझी मावशी! पन्नाशी उलटली तिची! पहिल्या प्रवेशात धाकटी टुणकन उडी मारून कपाटावर चढते. आता मास्तरीण मागून ढकलते, आणि मावशीचे गुडघे वाजतात ते मला पडद्यामागे ऐकू येतं.

आज गमतीत म्हणाले, धाकटी मी करू का? अर्ध्या गमतीत. बाईंनी मानही वर केली नाही. 'आपल्यात बदली नाही.'

मांजरीनं नाटकातल्या कपाटात पिल्लं घातलीत. एक अख्खं काळं आहे. ते मी नेणार — पण कुठे?

१२ जानेवारी

'बदली नाही'चं कारण मावशीनं सांगितलं, कपडे वाळत घालताना. तरुणपणी बाई एका मोठ्या नाटक कंपनीत होत्या, मुख्य काम त्यांचंच. दिवस गेले, रजा घेतली, पोर कडेवर घेऊन परत आल्या तर दुसरीच त्यांचा झगा घालून उभी. झगा कमरेत आत घेतलेला.

'नुसता टाचला असता तर उसवता आला असता,' मावशी म्हणाली. 'कापून शिवला होता गं.'

त्या तशाच मागे फिरल्या आणि ही कंपनी काढली. इथे भूमिका जिची तिची. लग्न करा, बाळंत व्हा, सासू सांभाळा, आजारी पडा, खुर्ची राहील. ती आपल्या तोंडानं सोडते म्हणेल तेव्हाच दुसरीला.

ऐकायला किती छान! पण मग धाकटीचे गुडघे वाजणारच की.

१५ जानेवारी

पुन्हा खुर्ची. सिस्टरची वाक्यं मागच्या पडद्याआडून मी म्हणते, एका मोडक्या स्टुलावर बसून. बाकीच्या दोघी खुर्चीकडे बघून बोलतात, उत्तर माझ्या आवाजात येतं. आधी हसू यायचं. आता येत नाही. आता कधी कधी ते माझंच बोलणं वाटतं.

मागच्या प्रयोगाला खुर्चीच होती. कोण्या पेपरवाल्यानं लिहिलं, रिकामी खुर्ची म्हणजे समाजातल्या स्त्रीचं मौन. मास्तरणीनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाली, 'मौन कसलं डोंबलाचं, नाइट ड्यूटी!'

बाई हसल्या नाहीत. त्या हल्ली हसतच नाहीत. शिडीवर चढून लाइट स्वतः बांधतात आणि खाली उतरल्या की शिडीलाच टेकून उभ्या राहतात.

१९ जानेवारी

सिस्टर आली!! पांढऱ्या बुटांतच, थेट दवाखान्यातून. सासू अंथरुणावर आहे, नवरा फिरतीवर, मुलीची परीक्षा. मी विचारलं, एवढं करून कशाला येता हो? तर म्हणाली, 'वॉर्डात माझं कोणी ऐकत नाही, घरी कोणी ऐकत नाही. इथे निदान तिकीट काढून ऐकतात.'

दुसऱ्या अंकात कपाटाची किल्ली मधलीच्याच ओटीत सापडते. दोघी शोधत असतात आणि ही इतका वेळ गप्प बसलेली! सिस्टर तिथे काहीच करत नाही. नुसती मूठ उघडते. माझ्या अंगावर काटा आला. मग राग आला. तिचा नाही. कोणाचा, माहीत नाही. घरी येऊन आरशासमोर किती वेळा मूठ उघडली! मावशी म्हणाली, 'काय गं, माशी धरतेस का?'

२२ जानेवारी

मोठ्या शहरातल्या थिएटरचा मॅनेजर एक तारखेला प्रयोग बघायला येणार. आवडलं तर तिकडे अख्खा सीझन! रोज प्रयोग, राहायला खोली. मास्तरीण तर बिनपगारी रजेचा अर्ज मनातल्या मनात लिहून मोकळी.

बाई म्हणाल्या, 'हे झालं तर ठीक. नाही झालं तर मी थकले बाई, बंद करते.' मावशी शाल रफू करत होती, ती करतच राहिली.

बंद केली तर मी कुठे जाणार? विचित्रच आहे — हा प्रश्न मला याआधी कधी पडला नव्हता.

२६ जानेवारी

खुर्ची.

३० जानेवारी

सिस्टरनं ड्यूटी बदलून घेतली. नक्की येणार. 'मेले तरी येईन,' म्हणाली. मास्तरीण म्हणाली, 'मेलीस तर खुर्ची आहेच.'

पिल्लांना जुन्या पडद्यांच्या पेटीत हलवलं. काळं बोटाला चावलं.

१ फेब्रुवारी

घाई नको. नीट लिहिते.

प्रयोगाची वेळ झाली, सिस्टर नाही. फोन बंद. मॅनेजर दुसऱ्या रांगेत येऊन बसलेला, मांडीवर हेल्मेट. बाई म्हणाल्या, 'खुर्ची मांड.' मास्तरीण म्हणाली, 'बाई, आज तरी...' बाई म्हणाल्या, 'आज तर मांडायचीच.'

मांडली. मी स्टुलावर. पहिला अंक झाला, लोक चुळबुळत होते. कोणीतरी हसलं. मावशी खुर्चीचा हात धरून रडते ना, तिथेच! मावशी इतकी छान रडत होती आणि तो हसला.

मग किल्लीची जागा आली. खुर्ची मूठ उघडत नाही, म्हणून मी पडद्याआडून नुसतं म्हणते, 'ही घे.' आज नाही म्हटलं. उठले, पडदा सारला, बाहेर आले, शाल खांद्यावर घेतली आणि खुर्चीत बसले. का, ते मला विचारू नका! म्हणजे — कोण विचारणार, वही? मूठ उघडली. मावशीचे डोळे खरेच विस्फारले, पण तीस वर्षं नटी आहे ती, वाक्य चुकली नाही. सभागृहात एवढी शांतता की मागच्या दाराची करकर ऐकू आली.

दारात पांढरे बूट.

सिस्टर भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभी होती. लाइट लागले तेव्हा नव्हती.

२ फेब्रुवारी

तिची सासू काल दुपारी पलंगावरून पडली होती. तिला दवाखान्यात पोचवून, शेजारणीला बसवून ही धावत आली होती. मास्तरणीला फोनवर इतकंच म्हणाली, बाकी काही नाही. माझ्याबद्दल तर काहीच नाही.

मॅनेजर खूश! सीझन पक्का. 'पण मधली हीच हवी हां. मध्येच येऊन बसते ते फार जबरदस्त. पहिल्यापासूनच बसवा हिला.' बाईंनी दोन दिवस मागितले.

मास्तरीण म्हणाली, 'बाई, नियम आपणच केला ना, आपणच एकदा मोडू. सिस्टर समजून घेईल.' बाई मला ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. त्या एवढंच म्हणाल्या, 'शाल घडी करून ठेव.' आवाजात रागसुद्धा नव्हता. नुसता थकवा.

आणि मला ते काम हवंय. लिहूनच टाकते. आयुष्यात इतकं काही हवंसं वाटलं नव्हतं मला. सिस्टरचा झगा काढला, घातला, आरशात बघितलं. ढगळ होतो. मी मावशीला म्हणाले, 'कमरेत आत घ्यावा लागेल.'

मावशीच्या हातात कात्री होती. तिनं माझ्याकडे बघितलं.

३ फेब्रुवारी

निघाले. पहाटेची बस. मावशीच्या उशाशी चिठ्ठी ठेवणार होते, काय लिहायचं सुचेना. झगा होता तसा पेटीत ठेवला.

८ फेब्रुवारी

कुठलं तरी गाव. बसस्टँडच्या कँटीनमध्ये कामाला लागले. कपबशा विसळते. मालक बरा आहे, पण सारखा शिट्टी वाजवतो आणि ती बेसूर. मफलर बसमध्ये राहिला वाटतं. मी काहीच जपून ठेवू शकत नाही! आईनंच विणलेला.

१३ फेब्रुवारी

हात फुटलेत साबणानं. एक गिऱ्हाईक म्हणालं, ताई, साखर द्या. मी म्हणाले, 'ही घे.' मूठ उघडली. तो बघतच राहिला. साखरेची पुडी दुसऱ्या हातात होती!

१४ फेब्रुवारी

काही नाही.

१९ फेब्रुवारी

मावशीचा फोन. इतके दिवस मी उचलत नव्हते, आज ओल्या हातानं चुकून उचलला गेला. आधी मनसोक्त शिव्या. कार्टे, न सांगता गेलीस, तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू, जेवतेस का नीट?

मग सांगितलं. बाईंनी मॅनेजरला नाही म्हणून कळवलं. दोन दिवस पुरे होण्याच्या आतच, मी निघाले त्याच सकाळी, मी निघाले हे कळायच्या आधी. सीझन गेला. मास्तरीण चार दिवस बोलली नाही, मग पाचव्या दिवशी पेपरांचा गठ्ठा घेऊन आली. सिस्टर येते, जमेल तशी.

मी म्हणाले, बाई तर बंद करणार होत्या ना? 'त्या काय, रोजच करतात.'

मी विचारलं, सिस्टर काही म्हणाली? 'म्हणाली, मूठ फार लवकर उघडते. आली की सांगेन. थांबायचं कसं ते.'

आली की!

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, सिस्टर नसली की तिची वाक्यं आता कोण म्हणतं? 'कोणी नाही. तिथे आम्ही गप्प बसतो. लांबते तालीम, पण काय करणार? आपल्यात बदली नाही.'

माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. म्हणाले, अगं, मी नाटकात होते कुठे? मला कसली आलीय भूमिका?

'ते बाईंना विचार. पडद्यामागे तो तुझा मोडका स्टूल रोज मांडायला लावतात. त्यावर तुझा मफलर. परवा मी नुसता टाकला तर ओरडल्या माझ्यावर — माणूस बसल्यासारखा टाक!'

२० फेब्रुवारी

तिकीट काढलं. खिडकीची जागा. थंडी आहे, आणि मफलर तिकडे.