एका मताने मिटलेला पक्ष

४ जाने., बिशान
ऑफिसातल्या युमीचे वडील, ओकादा-सान, आज घरी आले. वय चौऱ्याऐंशी. हाताने लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन. जपानमधल्या त्यांच्या छोट्या राजकीय पक्षाचा इतिहास; ते जिल्हा चिटणीस होते. नात इथेच वाढलेली, जपानी वाचत नाही, म्हणून इंग्लिशमध्ये हवाय. पुण्यात शिकलेलं जपानी असं कामी येईल, वाटलं नव्हतं. त्यांनी पोहे दोनदा घेतले.

११ जाने.
पहिलं प्रकरण झालं. नऊ जणांनी सत्तेतला मोठा पक्ष सोडून स्वतःचा पक्ष काढला, कारण काय तर एक छोटी रेल्वे! ती बंद होऊ देणार नाही, असा शब्द त्यांच्या नेत्याने गावांना दिला होता. पक्षाने तो फिरवला. नव्या पक्षाला 'पुराणमतवादी' म्हणावं का, विचारलं. ओ.सान हसले. "जुनं जपा म्हणायचं आणि दिलेला शब्द मोडायचा, हे जमेना. एवढंच."

२५ जाने.
पुढच्याच निवडणुकीत साफ हरले. दुसऱ्या दिवशी सकाळी नेता आणि ओ.सान बर्फात चौकात उभे. येणाऱ्या प्रत्येक गाडीला कमरेत वाकून आभाराचा नमस्कार. आठवडाभर, रोज वेगळं गाव.
"ज्यांनी मत दिलं नाही त्यांनाही?"
"ते कसं ओळखणार? आणि त्यांनीही आमचं ऐकून घेतलं होतंच ना."
नवऱ्याला, समीरला वाचून दाखवलं. त्याने हातातला फोन बाजूला ठेवला. मीही मग लॅपटॉप मिटला.

८ फेब्रु.
शेवटचं प्रकरण. मोठ्या पक्षात परत जायचं की नाही, यावर गुप्त मतदान. एका मताने पक्ष संपला. पुढचं पान कोरं.
ओ.सान त्या पानावरून हात फिरवत होते. मग हळूच, "ते मत माझं होतं."
नेता तेव्हा आजारी, पण कुणाला सांगत नव्हता; यांनी ओळखलेलं. आणखी एक प्रचार केला असता तर उठला नसता. म्हणून परत जाण्याला मत. निकालानंतर त्याने यांच्या खांद्यावर हात ठेवला, "तू तरी माझ्या बाजूने होतास." हे गप्प राहिले. आजतागायत.
नेता जिवंत आहे. नव्वदी ओलांडलेला.
"लिहू का?"
मी पटकन म्हणाले, नका लिहू. कुणाला कळणारे?
त्यांनी मान लववली, कागद गोळा केले. दार लावल्यावर इरा तिच्या इथल्या शाळकरी इंग्लिशमध्ये म्हणाली, "आई, अंकल क्राइंग लाह."

९ फेब्रु.
झोप नाही. मी कोण सांगणारी? ज्या माणसाने अख्ख्या जिल्ह्यापुढे मान वाकवली, त्याला मी लपवायला सांगितलं. लाज वाटते.

१० फेब्रु.
माफी मागायला गेले. ओ.सान टेबलाशी बसून लिहीत होते. कोरं पान भरलेलं. "आधी आमच्या नेत्यांनी वाचायला हवं. इंग्लिश नंतर." पोस्टाने पाठवा म्हटलं, तर असे बघत राहिले! स्वतः जाणार. गुडघे धड चालत नाहीत, युमी नको म्हणतेय, तरी.

१६ फेब्रु.
ओ.सान आणि युमी पहाटेच्या विमानाने गेले. पानं कोटाच्या आतल्या खिशात. एअरपोर्टवर मी वाकून नमस्कार केला. आपल्याकडचा, पायांना हात लावून. ते गोंधळले.

१७ फेब्रु.
मीटिंगमध्ये युमीचा मेसेज. "नेते आत वाचतायत. बाबांना बाहेर थांबायला सांगितलंय. बाबा खुर्ची असून उभे आहेत."
चार वाजले. त्यानंतर तिचा मेसेज नाही.