पाटावरची अवजारं

श्रावण व. ३
शिरोळ. नदीचं पाणी नुकतंच उतरलेलं, तरी सभेला माणूस बरा. सुरुवात पाठ करून नेली होती: "ज्यांची पोरं लढाईवर नेली आणि बदल्यात 'ठावठिकाणा नाही' एवढा एक कागद दिला, अशा आईबापांनो, आपलं गाऱ्हाणं एकच आहे. आपल्याला कुणी धड रडू देत नाही, आणि लढाई संपून वर्ष होत आलं, आता वाट बघतो म्हटलं तर हसतात." इथवर सभा माझी होती. पुढे सवयीने नेहमीच्या विषयावर गेलो. शाळा काढा, हातांना काम शिकवा, अवजाराला कुंकू लावून भागत नाही, ते हातात धरावं लागतं.
मागून एकजण: "मास्तर, तुमच्या घरात दोन वर्सं झाली, पोराचे नटाचे पाने पाटावर मांडून ठेवल्यात म्हनं. ते कुनी धरायचं हातात?"
हशा. पाणी प्यायलो. पुढचं भाषण कसं झालं ते आठवत नाही.

श्रावण व. ४
घरी. हिला सांगितलं नाही. ओळखलं असावं. जेवताना म्हणाली, "घसा बसलाय व्हय?"
व्हय, म्हटलं.

श्रावण व. ७
मागच्या पडवीचं छप्पर गळतं आहे. पाणी थेट मोटारीवर. ताडपत्री उचलून बघितली. बसायच्या गादीतून गवत उगवलं आहे, पितळी दिवे हिरवे पडले आहेत.
ही मोटार घरात आली तेव्हा उभी पेठ हसली होती. विलायतेला परत जाणाऱ्या एका इंजिनिअर साहेबाने टाकून दिलेला सांगाडा. श्रीपतीने हट्ट धरला म्हणून घेतला. बैल जुंपून ओढत आणला. पुढे बैल, मागे मोटार, आत आमचे चिरंजीव हातात चक्र धरून ऐटीत बसलेले. शेजारचे नाना म्हणाले होते, "शिरपा, हॉर्न वाजीव की, बैलं बुजत्यात का बघू." त्याने वाजवला. बुजले.
राजवाड्याच्या मोटारखान्यातून सुटला की रात्र पडेतो मोटारीखाली आडवा. पहिली फेरी आईला घेऊन कळंब्याच्या तळ्यापर्यंत, असं कबूल केलं होतं.

श्रावण व. ८
आज मीच कोट काढून बसलो. सभेत तो प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं असेल तर ते हातानेच द्यावं लागेल. शेजारून पाना मागून आणला. नटावर बसतच नाही. जोर लावला तर निसटला, नटाचे कोपरे गेले, माझी बोटं सोलली.
या मोटारीचे नट इथल्या कुठल्याच पान्याला जुळत नाहीत. म्हणून श्रीपतीने लोहाराकडून स्वतःचे पाने घडवून घेतले होते, एकेक कानशीने घासून बेतलेला. ते देवघरात पाटावर आहेत. खंडेनवमीला त्याने मांडले, हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याच्या पहाटे लढाईवर निघायचा हुकूम आला. उचलायचे राहिले.
हिच्या माहेरची रीत: ज्यानं मांडली त्यानंच उचलायची.

श्रावण व. ९
हिच्याकडे पाने मागून बघितले.
"न्हाय," ही म्हणाली.
"गंजून जातील."
"मी तेल लावतो की रोज. हलवत न्हाय."
मी बोलत गेलो. रीत माणसाने केली, माणसाने मोडावी, वगैरे. चांगलं बोललो. ही भाकरी थापत राहिली. शेवटी म्हणाली, "त्यो अर्धं काम टाकून जानारा न्हाय. ती गाडी अर्धी हाय म्हनून येनार हाय. तुमी पुरी केलीसा तर कशाला येईल?"
इतक्या सभा गाजवल्या. याला खोडून काढणारा मुद्दा मला आजपर्यंत कुठल्या ग्रंथात मिळालेला नाही.

श्रावण व. १२
दुपारभर ओसरीवर नुसता बसून. वारणेकाठचा त्याच्या पलटणीतला गडी वैशाखात येऊन गेला होता, त्याचं बोलणं परत परत आठवतं. अरबस्तानात बसऱ्याच्या पुढे लष्करी मोटारींचा तांडा चालला होता. एक गाडी बंद पडली. श्रीपती म्हणाला, तुम्ही व्हा पुढं, मी ही करून आणतो. दुसऱ्या दिवशी माणसं मागे आली. गाडी होती, तो नव्हता.
मी त्या गड्याला विचारलं होतं, गाडी चालू होती का? तो म्हणाला, ते बघितलं न्हाय, मास्तर.
बघायला हवं होतं.

भाद्रपद शु. ३
बाबालाल आला. पेठेतला बग्ग्यांचे हुड आणि गाद्या करणारा. मोटारीचा हुड त्यानेच शिवून द्यायचा ठरला होता, कातडं अजून त्याच्याकडे आहे. श्रीपती त्याला चाचा म्हणे आणि त्याच्या घरचा खिमा खाऊन आमच्याकडे जेवण नको म्हणे.
बाबालाल मोटारीत डोकं घालून बराच वेळ होता. मग सरळ देवघराच्या दाराशी जाऊन बाहेरूनच म्हणाला, "वैनी, पोरगं उद्या आलं आनि ह्ये बघितलं तर पैल्यांदा कुनाला बोलंल? तुमास्नी न्हाय. मास्तरांस्नी बी न्हाय. मला बोलंल. चाचा, तू काय करत हुतास म्हनून."
ही समईची वात सारत राहिली.
"पुरी नगं करूया. गंजू तर नगं देऊया."
"पाने हलवायचे न्हाईत."
"हलवत न्हाय. त्यांची तोंडं तेवढी मोजून घेतो. पीठ हाय का घरात?"

भाद्रपद शु. ५
हिने कणीक मळली. घट्ट, पोळीची नव्हे. स्वतः पाटासमोर बसून प्रत्येक पान्याच्या तोंडात गोळा दाबला आणि अलगद काढला. पाना तसूभर हलला नाही. मी दिवा धरून उभा. गोळे सुपात घालून उन्हात ठेवले. कावळ्यांना हाकलायला स्वतः बसली.
बाबालाल: "वैनी, ह्यातला एक भाजून मास्तरांस्नी द्या. घसा मोकळा हुईल."
ही हसली. श्रीपती गेल्यापासून पहिल्यांदा. हसून झाल्यावर पदर तोंडाला लावून आत गेली.

भाद्रपद शु. ११
लोहाराकडून नवे पाने आले. एकही बसेना. सगळे तोंडाने अरुंद. वाळताना कणीक आकसली, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मी चिडलो. बाबालाल बीडी पेटवत म्हणाला, "ल्हान झालं त्ये बरं झालं. कानशीनं वाढवता येतंय. मोठं झालं असतं तर तुमी काय, भाषान करून बसवनार हुतासा?"
कानस घेऊन बसलो. श्रीपतीही असाच बसायचा, जीभ दाताखाली धरून. आरशात न बघता कळलं की माझीही जीभ तिथेच आहे.

भाद्रपद शु. १४
पहिला नट फिरला. आवाज केवढा झाला. ही चुलीपाशी होती, बाहेर आली नाही, पण भांड्यांचा आवाज थांबला.

भाद्रपद व. २
इंजिनाची झाकणं काढली. आत कोरडं. त्याने जाताना तेलाचा हात फिरवून ठेवला होता, म्हणून वाचलं.
चार व्हॉल्व्ह आहेत, म्हणजे झडपा. खाली बसताना ते घट्ट बसावेत म्हणून दगडी पूड आणि तेल लावून बैठकीवर घासायचे असतात. अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे, उचलायचा, पुन्हा. नीट घासला की कडेला राखाडी रंगाचं एकसारखं कडं दिसतं. दोघांना ते कडं आहे. दोघांना नाही. घासायची पूड वाटीत तशीच, वर तेलाची साय. तिच्यात त्याच्या बोटाचा ओरखडा.
बाबालालने वाटी हिला दाखवली. तिने बोट घातलं नाही. झाकून ठेवली.

भाद्रपद व. ६
पितृपक्ष. थोरल्या वहिनी गावाकडून आल्या. हिला बाजूला घेऊन, पण मला ऐकू येईल अशा बेताने: "दोन वर्सं झाली. आता पोराचं पान घालाय पायजे. अडकून ऱ्हातोय त्यो."
ही: "जित्याचं पान वाढायचं न्हाय, आक्का."
मग दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मी म्हटलं, श्राद्धावर माझा विश्वास नाही, आयुष्यभर त्याविरुद्ध बोलत आलो. वहिनी म्हणाल्या, "तुमचं बरं हाय, भावजी."
खरं आहे. या वेळी माझं मत माझ्या सोयीचं पडलं. तो आहे की नाही, मला वाटतं काय, ते सांगावं लागलं नाही.

भाद्रपद व. १०
तिसरा व्हॉल्व्ह मी घासला. सकाळपासून. हात भरून आले. ही कधी येऊन बसली कळलं नाही. रॉकेल ओतून बघितलं, थेंब गळला नाही.
"त्याच्यासारखा झाला का?"
"त्याचे जास्त चांगले आहेत."
बरं वाटलं तिला.
चौथ्याला हात घातला तर म्हणाली, "त्यो ऱ्हाऊ द्या."
राहू दिला. चौथ्यावाचून इंजिन चालू व्हायचं नाही, हे तिला ठाऊक आहे. बाबालालनेच सांगितलं.

आश्विन शु. ४
बाबालालने हुड चढवला. काळं कातडं, आतून लाल अस्तर. दिवे चिंचेने घासले. पेठेतली माणसं येऊन बघून जातात. नाना म्हणाले, "मास्तर, आता बैल नगंत न्हवं?" मी दिवा पुसत राहिलो. मग त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. जाताना मडगार्डवरून हात फिरवून गेले.

आश्विन शु. ६
दसऱ्याला संध्याकाळी महाराजांची स्वारी निघून गेल्यावर पेठेत सभा आहे. लढाईवर गेलेल्यांच्या घरच्यांची. मी बोलायचं. लिहायला बसलो. सरकारकडे काय मागायचं, ते झटकन लिहून झालं: कागद नको, माणसाचं काय झालं ते सांगा. त्या आईबापांना घरी जाऊन काय करा म्हणून सांगायचं, ते सुचत नाही. तीनदा कोरा कागद घेतला.

आश्विन शु. ९
खंडेनवमी. हिने देवघर सारवलं, पाटाभोवतीची जागा सोडून. दोन वर्षांच्या झेंडूची पूड झाली आहे, तीही तशीच. शेजारी दुसरा पाट मांडला. मला म्हणाली, "तुमची मांडा."
मी नवे पाने मांडले. आजवर कधी पूजेला बसलो नव्हतो. कुंकू लावताना हात अडला नाही. माझ्या भाषणांचं काय व्हायचं ते होवो.
तिन्हीसांजेला ती दोन्ही पाटांसमोर बसली होती. मी दारात.
"उद्या ही नवी कोन उचलनार?"
"मांडली मी. मीच उचलणार."
"आनि ही?"
मी चौकटीला हात टेकला.
"त्या वारनंच्या पोरानं सांगितलं तवा मी बी दाराआड हुतो," ती म्हणाली. "मला काय कळत न्हाय असं न्हाय. रोज तेल लावताना कळतंय. पर माझ्या मनानं मी उचलनार न्हाय. आईनं उचलली असं व्हायला नगं." मग थोड्या वेळाने, पाटाकडेच बघत: "तुमी हजार मानसास्नी सांगता, ह्ये करा, त्ये करा. मला कदी काय सांगितलं न्हाईसा. एकदा मला सांगा. उचल म्हना. मग उचलतो. चौथा बी घासतो, माझ्या हातानं."
मी तोंड उघडलं. शिरोळला झालं तेच झालं. माठातलं पाणी प्यायलो.
ती उठली, दोन्ही पाटांपुढच्या समईत तेल घातलं, आणि आत गेली.
सभेचं भाषण फाडलं. तिथे जे सांगायचं ते आधी इथे, एकीला सांगता आलं पाहिजे. इतक्या वर्षांच्या संसारात तिचं नाव मी तोंडाने घेतलेलं नाही, आमच्यात घेत नाहीत. अगं, ऐकलंस का, एवढ्यावर चाललं. उद्या सकाळी, सोनं वाटायच्या आधी, देवघराच्या दारात उभं राहून म्हणायचं आहे. निदान लिहिता येतं का बघतो.
तानू, उचल.