दाराला बांधलेली शाल

अर्वाइन, अमेरिका, रविवार

प्रिय नस्तरनताई,

बाबा मजेत आहेत, हे आधी सांगते. रोज विद्यापीठाच्या बागेत फिरतात, भूकही छान लागते.

परवा एक गंमत झाली. इथली घरं एकसारखी, सोसायटीच्या नियमाने रंगही एकच. बाबा फिरून आले ते मागच्या दाराने थेट शेजारच्या मिसेस नोहंच्या स्वयंपाकघरात. त्या वरून खाली आल्या, तर हे चहा उकळत ठेवून बसलेले. वर त्यांनाच म्हणाले, "बस पोरी. साखरेचे खडे कुठे लपवलेस?"

त्यांनी मला बोलावून घेतलं, आम्ही खूप हसलो. निघताना मात्र त्या हळूच म्हणाल्या, "शहला, जिना उतरताना माझ्या हातात पिस्तूल होतं गं."

हे आईला सांगू नकोस. तुला तरी लिहावं का, तेच ठरत नव्हतं.

आमचं मागचं दार निळं रंगवू का, असं विचारलं, तर सोसायटी नाही म्हणाली. म्हणून तू विणलेली लाल शाल कडीला बांधली आहे. तीही नियमात बसत नाहीच. बाबांना पुन्हापुन्हा बजावलं, "लाल शाल दिसली की आपलं घर."

तुझे गुडघे कसे आहेत? आईला झोप लागते का? बाबांना इकडे आणून मी चूक तर केली नाही ना?

काल फिरून येताना मी मुद्दाम मागे राहिले. बाबा दारापाशी थांबले. शाल हातात घेऊन म्हणाले, "ही वीण आपल्या नस्तरनची." माझा जीव भांड्यात पडला.

मग शाल नीट सारखी करून ते मिसेस नोहंच्या दाराकडे चालू लागले.

सगळ्यांना जवळ घेऊन,
तुझी शहला