कसं झालंय?

८ मे, गुरुवार

माझी बायको सुप्रभा येत्या रविवारी जर्मनीला निघतेय. तिच्या कंपनीतर्फे, स्टुटगार्टजवळच्या कारखान्यात सुटे भाग तपासायला. बरोबर तिचे साहेब ओगावा-सान. जपानला आली तेव्हा माझ्या व्हिसावर आली होती, आज कंपनीच्या खर्चाने युरोपात चालली. मला अभिमान आहे. (हे तिच्यासमोर दोनदा म्हणून झालं. तिसऱ्यांदा तिने कान झाकले.)

मी स्वतः पूर्वी एकदा जर्मनीत राहिलेलो असल्यामुळे, चार दिवस का होईना, मार्गदर्शनाची जबाबदारी माझ्यावर आहे. सांगितलं, तिकडे शाकाहारी माणसाचे हाल होतात. बटाटा मागितला तरी खाली काहीतरी निघतं. आणि बियर! पाण्यासारखी पितात. तू घेत नाहीस, तर लोक आग्रह करतील, ठाम राहा. ती म्हणाली, बघू.

पुढचं मार्गदर्शन राहिलं, कारण गुरुवार, तिचा जपानी क्लास.

संकल्प: ती येईपर्यंत बियर बंद. तिने तिकडे उपाशी राहायचं आणि मी इकडे कॅन फोडायचा, बरं दिसत नाही. मला जड जाणार नाही. मी कॅज्युअल ड्रिंकर आहे. रोज एक. शनिवारी दोन. खालच्या मजल्यावरचा अंबरीष आला तर पाहुणचाराचा वेगळा.

१० मे, शनिवार

दिवसभर स्वयंपाकघरात. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, तिळाची चटणी, उपम्याचा रवा भाजून त्यात फोडणी घालून, नुसतं गरम पाणी ओतलं की झालं. ती म्हणाली, "एवढं नको, हेम." मी म्हटलं, असू दे. ती म्हणाली, "अरे, खरंच नको." मी पिशवी बॅगेत तळाशी ठेवली. पुढे माझीच आठवण काढील.

११ मे, रविवार. दुपार

तिला नारिता विमानतळावर सोडून आलो. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं तिच्या. प्रवासाचं टेन्शन असणार.

आल्या आल्या मिसळीला लागलो. रविवारची मिसळ ही आमच्या घरातली संस्था आहे, आणि संस्था एका व्यक्तीवाचून बंद पडत नसते. आमच्या ग्योतोकुत मटकी, फरसाण सगळं मिळतं. कटाला मात्र हात असावा लागतो. अंबरीष आणि त्याची बायको पद्मिनी आले. पद्मिनीला ॲसिडिटी. अंबरीषने वाटी घेतली, पण छोटी. नुपूरने (आमची कन्या, सहावीत, घरी मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर देते) नुसता पाव खाल्ला. सुप्रभा असती तर दोन वाट्या संपवल्या असत्या. खाणाऱ्याची किंमत तो गेल्यावर कळते.

अंबरीषने बियर आणली होती. मी नाही म्हटलं. त्याने एक कॅन चुकून जास्त उघडला. उघडलेला कॅन पुन्हा बंद होत नाही, हा इंजिनिअरिंगचा मुद्दा आहे, संकल्पाचा नाही.

१३ मे, मंगळवार

छत्री शोधायला दाराजवळचं चपलांचं कपाट उघडलं. सुप्रभाच्या थंडीतल्या बुटांमागे पिशवी. आत भाजणी, मेतकूट, चटणी, उपमा. जशीच्या तशी.

बिचारी घाईत विसरली. आता काय खात असेल?

रात्री ८. मात्र पिशवीवर वर्तमानपत्र नीट दुमडून झाकलं होतं. विसरणारा माणूस झाकत नाही.

वजनाची अडचण असेल. मेसेज केला नाही, उगीच तिला अपराधी वाटेल. एक कॅन घेतला. धक्का बसल्यावर घेतलेला धरत नाहीत.

१४ मे, बुधवार

फॅमिली ग्रुपवर तिचा फोटो. पांढरं शतावरीसारखं काहीतरी, उकडलेले बटाटे, पिवळा सॉस. शेजारी उंच ग्लास, वर फेस.

मी लिहिलं, ॲपल ज्यूस का? तिने वाचलं. उत्तर दिलं नाही. मग एक हसरा चेहरा पाठवला. नुपूरला फोटो दाखवला. मान वर न करता म्हणाली, "बीरु." जपानी येत नसलेल्या माणसालाही कळेल.

ओगावा-सानांनी भरीस पाडलं असणार. साहेबाला नाही म्हणणं इथे अवघड असतं.

१५ मे, गुरुवार

व्हिडिओ कॉल. तिची सकाळ, माझी दुपार. ऑफिसच्या जिन्यात उभा राहून बोललो. तोयोसुच्या ऑफिसात बाकी कुठे मराठीत भांडता येत नाही. म्हणजे भांडायचं नव्हतंच.

तब्येत छान दिसली. उपासमारीची लक्षणं नाहीत. रात्री काय जेवतेस विचारलं. म्हणाली, ब्रेड, चीज, काकडी. गार. रात्री गार ब्रेड! मी म्हटलं, अगं आजारी पडशील.

"मस्त असतं रे. टेबलावर ठेवून देतात, ज्याला हवं तो घेतो. नको म्हटलं की ताट उचलतात. परत विचारत नाहीत. इतक्या शांतपणे मी किती वर्षांनी जेवले."

मी विचारलं, आपल्या घरी काय गोंगाट असतो?

"गोंगाट नाही. पण माझा पहिला घास गिळून व्हायच्या आत तू विचारतोस, कसं झालंय."

मी म्हटलं, त्याला प्रेम म्हणतात.

"माहितीये," ती म्हणाली. "आणि हेम, ती मिसळ मला झेपत नाही."

कधीपासून?

"पहिल्यापासून."

पुढचं ऐकू आलं नाही. जर्मनीत नेटवर्क फार वाईट आहे. माझ्याकडे चारही दांड्या दिसत होत्या.

१६ मे, शुक्रवार

अंबरीषला सगळं सांगितलं. मित्र म्हणून माझ्या बाजूने चिडेल अशी अपेक्षा होती. नवऱ्यापासून लपवून परदेशात बियर पिते, म्हटलं, हे तुला पटतं का?

तो म्हणाला, "परदेशात कशाला, गुरुवारी घेतेच की इथे."

मग आमच्या छताकडे बघायला लागला. आमचं छत नुसतं पांढरं आहे.

हळूहळू बाहेर आलं. जपानी क्लास गेल्या वर्षीच संपला, ती परीक्षा पास झाली तेव्हा. (पेढे मीच केले होते. दूध आटवून.) तेव्हापासून दर गुरुवारी ती आणि पद्मिनी स्टेशनमागच्या एका छोट्या इझाकायात, म्हणजे जपानी बारमध्ये, बसतात. थंड टोफू, खारट उकडलेल्या शेंगा, एकेक बियर. दोघी बोलत बसतात. अंबरीषला माहीत. पद्मिनीला तर माहीतच. नुपूरला विचारलं, तर "शित्तेरु," म्हणजे ठाऊक आहे. एकदा आईला छत्री द्यायला गेली तेव्हा तिलाही शेंगा मिळाल्या.

न माहीत असलेला इसम एकच. जो दर गुरुवारी पिठलं झाकून, गॅस बारीक करून वाट बघत बसायचा. आणि ती येऊन ते खायची! पोट भरलेलं असताना! छान झालंय म्हणायची!

"तुला वाईट वाटेल म्हणून कोणी बोललं नाही," अंबरीष म्हणाला.

म्हणजे वर्षभर एवढी माणसं मला वाईट वाटू नये म्हणून एकजुटीने काम करत होती. माझ्या प्रोजेक्ट टीममध्ये इतकं कोऑर्डिनेशन कधी दिसलं नाही.

बियरचा संकल्प आता लागू नाही. समोरच्या पक्षाने अटी आधीच मोडल्या आहेत.

१८ मे, रविवार

मिसळ केली नाही. निषेध म्हणून. सकाळपासून सोफ्यावर बसून राहिलो, कोणीतरी विचारेल, आज मिसळ का नाही? उत्तर तयार होतं, संयमी पण लागेल असं.

अंबरीष-पद्मिनी फिरकले नाहीत. नुपूर खाली जाऊन कोंबिनी दुकानातून दोन ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घेऊन आली. एक माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "बाबा, आज बरं वाटतंय."

कोणाला बरं वाटतंय, मी विचारलं नाही.

२० मे, मंगळवार

सुप्रभा आली. नुपूर आणि मी आणायला गेलो होतो. धोरण ठरलं होतं: आठवडाभर अबोला, अगदी सभ्य, फक्त कामापुरतं बोलायचं. तिला जाणवलं पाहिजे.

नारिताहून ट्रेनमध्ये बसल्या बसल्या विचारलं, गुरुवारचं मला का नाही सांगितलंस?

तिने बॅग पायाशी घेतली. म्हणाली, "चुकलं माझं. सांगायला हवं होतं."

एवढं सरळ उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. पुढचे माझे सगळे मुद्दे वाया गेले.

"पण सांगितलं असतं तर तू पुढच्याच गुरुवारी आला असतास. आणि टोफूला फोडणी द्या म्हणून त्या बाईंना सांगितलं असतंस."

हा अन्याय आहे. मी फक्त सुचवलं असतं.

पुढची दहा-बारा स्टेशनं मी दारावरच्या नकाशात मोजली. नुपूर दोघांच्या मध्ये झोपून गेली होती. मग सुप्रभा म्हणाली, "तू वाईट करतोस असं नाही रे. मला रोज परीक्षकासारखं जेवायचा कंटाळा येतो." मी म्हटलं, परीक्षा माझी होत होती. ती म्हणाली, "हो ना. आणि नापास करायची सोय नव्हती."

रात्री तिने आणलेला काळा ब्रेड, चीज, चिरलेली काकडी टेबलावर ठेवली. गॅस पेटलाच नाही. नुपूरने भरपूर खाल्लं. मीही खाल्लं, केवळ प्रवासातून आलेल्या माणसाचा मान ठेवायचा म्हणून. चौथ्या तुकड्यावर थांबलो.

ब्रेड कसा आहे, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर ठीक आहे म्हणणार होतो. बराच वेळ थांबलो होतो.

२२ मे, गुरुवार

संध्याकाळी तिने उघडपणे सांगितलं, पद्मिनीबरोबर बसायला जातेय. मी म्हटलं, अवश्य जा. अत्यंत मोठ्या मनाने. पिठलं केलं नाही. संकल्प: कोणाच्या पाळतीवर राहायचं नाही.

सातच्या सुमारास दूध आणायला बाहेर पडलो. दूध आमच्या बिल्डिंगखालीही मिळतं, पण स्टेशनमागच्या दुकानातलं जास्त ताजं असतं.

ती जागा वाटेतच आहे. काच आहे पुढे. आत जेमतेम आठ-दहा माणसं बसतील एवढी जागा. सुप्रभा आणि पद्मिनी काउंटरशी. काउंटरमागच्या बाईंनी तिच्यापुढे बशी ठेवली आणि दुसऱ्या कामाला लागल्या. तिच्या तोंडाकडे बघत कोणी उभं राहिलं नाही. सुप्रभा खात खात काहीतरी सांगत होती, दोन्ही हात हवेत करून. जर्मनीचंच असणार. पद्मिनी हसून हसून काउंटरवर डोकं टेकत होती. मला तिने जर्मनीतलं हसण्यासारखं काही सांगितलेलं नाही. मी विचारलं होतं ते जेवणाबद्दल.

मग तिला मी दिसलो. मला वाटलं, चिडेल. तिने हात करून आत बोलावलं. शेजारचं स्टूल पायाने जरा बाहेरही ओढलं.

मी काचेबाहेरून खूण केली, नको नको, दुधाला आलोय.

तिने माझ्याकडे क्षणभर बघितलं. मान डोलावली, स्टूल आत सरकवलं आणि पद्मिनीकडे वळली.

दुसऱ्यांदा बोलावलं तर जायचं असं मी ठरवलं होतं. तिथे थोडा वेळ उभा राहिलो. एक माणूस आत जायला आला, त्याला वाट करून दिली. तो त्या स्टुलावर बसला.

दूध घेऊन घरी आलो. घरी दूध होतं.