मीठकचेरीच्या घंटेला फावडे घेऊन न येणाऱ्यांबाबत

प्रति,
मा. मालमत्ता अधिकारी,
जुन्या वास्तू नूतनीकरण कक्ष,
बेलापूर, नवी मुंबई.

विषय : मीठकचेरीची घंटा गावाला परत मिळणे, न जमल्यास ती वाजवणाऱ्यांस कामाला लावणे.

संदर्भ : आपले उत्तर, “घंटा वास्तूची शोभा असल्याने हलवता येत नाही.”

महोदय,

अर्जदार सुमित्राबाई देवजी घरत या उलव्याच्या खाडीकाठी जिताडा माशांचे तळे राखतात. त्यांचे सविनय म्हणणे असे :

१. भर बाजारपेठेतली पडीक मीठकचेरी आपण सागवान घासूनपुसून उभी केली, हे चांगलेच झाले. आत आता को-वर्किंगवाले बसतात. एका मेजाला दहा माणसे, आणि शेजारच्याचे नाव एकालाही ठाऊक नाही. सबब ओळखी करून देण्यास तेजस नावाचे पगारी कम्युनिटी मॅनेजर नेमले आहेत. गावाला असा मॅनेजर कधी लागला नाही, कारण कचेरीच्या ओसरीवर घंटा होती.

२. उधाणाने खाडीचा बांध फुटला की ती वाजवायची. ऐकणाऱ्याने हातातले काम टाकून फावडे घेऊन यायचे, आणि बांध कोणाचा हे विचारायचे नाही. मिठागरे गेली, तळी उरली, नियमही उरला. मध्यंतरी बांध फुटल्याचे व्हॉट्सअॅपवर टाकून पाहिले. अंगठे आले, माणसे आली नाहीत.

३. हल्ली आतल्या कोणाला नवा क्लायंट मिळाला की तो बाहेर येऊन घंटा बडवतो. पहिल्या खेपेस अर्धे गाव धावले. अर्जदाराचे पती देवजी, दोन्ही गुडघे गेलेले, फावडे टेकत पोचले. “कुटं फुटला रं पोरांनो?” उत्तर मिळाले, “काका, चिल. डील क्लोज झाली.” वर केकचा तुकडा दिला. हात चिखलाचे असल्याने तो त्यांनी फावड्यावरच घरी आणला. असे वरचेवर होऊ लागल्यावर गाव उठेनासे झाले.

४. गेल्या अमावास्येच्या उधाणाला अर्जदाराचाच बांध फुटला. गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून त्यांनी येऊन घंटा वाजवली. गाव म्हणाले, झाली असेल कोणाची डील. आतली मंडळी मात्र लगबगीने बाहेर आली, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेजसरावांनी “मावशी, केवढी डील?” असे विचारून फोटोही काढला. तोवर मुलगी उन्नती हिच्या हळदीच्या जेवणासाठी तीन पावसाळे वाढवलेले जिताडे खाडीला लागले होते.

५. भरपाईची मागणी नाही. खाडीत गेलेला जिताडा सरकारी हुकमाने परत फिरत नाही. मागणी एवढीच, की घंटा गावदेवीच्या देवळात बांधू द्यावी. ती शोभेला ठेवायचीच असेल, तर वास्तूबरोबर तिचा नियमही जपावा : घंटा वाजताच आत बसलेल्या प्रत्येकाने लॅपटॉप मिटून फावड्यासह बांधावर यावे, आणि बांध कोणाचा हे विचारू नये.

पौर्णिमेला पुन्हा उधाण आहे. निर्णय त्याआधी व्हावा.

बांधावरून उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
सुमित्राबाई देवजी घरत
दि. २ जुलै २०२५

सोबत :
१. टाळ्यांच्या वेळचा फोटो. चिखलाने माखलेली ती अर्जदार.
२. फावडे, नग एक, तेजसरावांकरिता. वापरून झाल्यावर धुऊन परत करावे.