पाचवा भाग

३ डिसेंबर

पाणमांजरं झोपताना एकमेकांचा पंजा धरून ठेवतात — झोपेत वाहून दूर जाऊ नये म्हणून! औषधांच्या दुकानदाराने आज मला हे सांगितलं. काउंटरवर वाकून, हसत. "तुमच्या मिसेसनीच सांगितलं होतं रेडिओवर. तेव्हापासून आमची धाकटी माझं बोट धरल्याशिवाय झोपत नाही." मग त्याला आठवलं. चेहरा पडला. रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत घातल्या आणि पिशवीला उगाच दोन गाठी मारल्या.

घरी येऊन त्या गाठी सोडवत बसलो. सुटल्या नाहीत. पिशवी फाडली.

५ डिसेंबर

कामावर रुजू झालो. पाणीपुरवठ्याची प्रयोगशाळा होती तशीच आहे. नमुन्यांच्या बाटल्या ओळीने, क्लोरीनचा वास. सगळे हळू आवाजात बोलतात, जणू मीच आजारी आहे. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चहा आणून ठेवला, वर बशी झाकली. कोणी काही विचारलं नाही, ते बरं झालं.

दिवसभर पाणी तपासलं. पाणी चांगलं आहे. त्याचं काहीही वाटलं नाही.

६ डिसेंबर

कोणाचाच फोन नाही. फोन चालू आहे का ते पाहिलं. चालू आहे.

८ डिसेंबर

रेडिओ केंद्राच्या प्रमुख बाई घरी आल्या. आधी तिच्याबद्दल बोलल्या — "इतकी वर्षं 'सकाळच्या गुदगुल्या' केला, एक दिवस उशीर नाही की कुरकुर नाही." (कुरकुर घरी करायची. ते मी सांगितलं नाही.) मग मुद्द्यावर आल्या. वर्षअखेरच्या सुट्टीत केंद्रात माणसं कमी असतात, म्हणून त्या आठवड्याचे भाग आधीच बोलून ठेवायची पद्धत आहे. तिने दवाखान्यात जाण्याआधीच ठेवले होते. पाच भाग. लावायचे की नाही, ते मी सांगायचं.

विचार करतो, म्हटलं.

हे पाच मला ठाऊक नाहीत. एरवी तिचा प्रत्येक भाग आधी माझ्या हाताखालून जायचा. मी जेवत असायचो, ती कागद घेऊन समोर. "अहो, हे खरं का? की पेपरवाल्यांनी तिखटमीठ लावलंय?" मी तपासून सांगायचो. मी विज्ञान शिकलो त्याचा घरात तेवढाच उपयोग. पण सुट्टीचे भाग मला दाखवायचे नाहीत, हा तिचा नियम. "हे तुम्ही रेडिओवरच ऐकायचे. वर्षातून एकदा तरी नुसतं ऐका की हो! दर वेळी काय परीक्षकासारखं तोंड करून बसायचं?"

म्हणजे तिचं बोलणं अजून शिल्लक आहे. मी न ऐकलेलं.

९ डिसेंबर

मेहुणीचा फोन. तिला केंद्रातून आधीच कळलं होतं. "भाऊजी, हो म्हणा. ताईचा आवाज कपाटात कोंडून काय लोणचं घालायचंय?"

मी म्हटलं, आत्ता कुठे सगळं झालंय, आणि सकाळी सकाळी ती उंदरामांजरांच्या गमती सांगणार. लोक काय म्हणतील?

"लोक हसतील. दुसरं काय! ताईने आयुष्यभर तेच केलं."

तिचं बरोबर असेल. पण तिने रडतच फोन ठेवला.

११ डिसेंबर

हो म्हटलं. लोकांसाठी नाही. मला ऐकायचे आहेत, एवढंच.

१५ डिसेंबर

केंद्रात सही करायला गेलो. बाजारात दुकानांवर दिवे लागलेत, खोक्यांना फिती बांधणं सुरू आहे. एका दुकानात कापडी अस्वल टाळ्या वाजवतं. पुढे गेलो तरी टाळ्या ऐकू येत होत्या.

ध्वनिमुद्रण करणारा माणूस भला आहे. तिचा आवाज गेली काही वर्षं तोच साफ करायचा. मला बसवून पहिल्या भागाचा तुकडा ऐकवला, दोनच वाक्यं. खणखणीत आवाज. पण काहीतरी चुकत होतं. परत ऐकवायला सांगितलं. मग कळलं — ती श्वासच घेत नव्हती. एका वाक्यातून थेट दुसऱ्या वाक्यात.

तो म्हणाला, "श्वास आम्ही कापतो, काका. सगळ्यांचेच थोडे कापतो. बाईंचे शेवटी शेवटी जास्त कापावे लागले. दम लागायचा. ऐकणाऱ्याला जाणवायला नको ना, सुट्टीचा कार्यक्रम आहे."

ते कापलेले कुठे जातात, विचारलं. वेड्यासारखा प्रश्न. तो म्हणाला, कुठेच नाही.

मी म्हटलं, थोडे राहू द्या.

त्याने मान हलवली. पण त्याला ते पटलं नव्हतं. कसबी माणसाला असं काम अर्धवट वाटतं. मलाही वाटलं असतं.

२० डिसेंबर

लेक आली. दारात मला बघून म्हणाली, "बाबा, किती वाळलास." मी म्हटलं, तूही. मग दोघं स्वयंपाकघरात गेलो. तिने डबे उघडून पाहिले. एकात काही नाही, दुसऱ्यात किडे.

"काय खातोस तरी काय?"

जे असतं ते.

तिने सगळे डबे घासायला काढले. आईसारखीच, बोलायचं नसलं की घासायला काढते.

२२ डिसेंबर

कामावर. लेक दुपारभर बाहेर होती म्हणाली, मैत्रिणीकडे. बरं झालं. या घरात बसून तिने तरी काय करायचं!

२४ डिसेंबर

समोरच्या घराच्या खिडकीत रंगीत माळा सोडल्यात. लाल, हिरवी, विझली, परत लाल. पडदा ओढला. पडद्यातूनही दिसतं.

२७ डिसेंबर

पहिला भाग. मेहुणीही सकाळीच आली. आम्ही तिघं रेडिओभोवती, जणू निवडणुकीचा निकाल आहे.

उंदरांना गुदगुल्या केल्या की ते हसतात. इतक्या बारीक आवाजात, की माणसाला ऐकूच येत नाही. ती म्हणाली, "बघा, काही शास्त्रज्ञ पगार घेऊन उंदरांना गुदगुल्या करतात! आणि आमच्या घरचे शास्त्रज्ञ बाटलीतल्या पाण्याकडे टक लावून बसतात. आता तुम्हीच सांगा, मी कोणाशी लग्न करायला हवं होतं?"

मेहुणी इतकी हसली की तिला ठसका लागला. लेकही हसली. मीही. मध्ये एकदा रेडिओवर तिने श्वास घेतला. ध्वनिमुद्रणवाल्याने ठेवला होता. मोठा होता, पायऱ्या चढून आल्यासारखा. मग लगेच हवामानाची बातमी. थंडी वाढणार आहे.



२८ डिसेंबर

दुसरा. वॉम्बॅट नावाचा प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो. "सुट्टीत मुलांना गणिताचा कंटाळा येतो ना? त्यांना सांगा, अहो, जनावरालासुद्धा भूमिती येते!" हे खरं आहे, मी कामावर तपासून पाहिलं. सवय.

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. महिनाभर मुलाकडे होत्या. "वहिनी बऱ्या झाल्या वाटतं! सकाळी ऐकलं. आवाज काय ठणठणीत लागलाय!"

त्यांना सांगावं लागलं. जिन्यात उभं राहून. त्या मटकन पायरीवर बसल्या. मीच त्यांना पाणी आणून दिलं.

लावायलाच नको होते.

२९ डिसेंबर

तिसरा. रेनडिअरचे डोळे उन्हाळ्यात सोनेरी असतात आणि हिवाळ्यात निळे होतात. अंधार महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून डोळाच बदलतो, कमी उजेडात दिसावं म्हणून. "तेव्हा मंडळी, अंधार पडला म्हणून घाबरू नका. जरा वेळ द्या, दिसायला लागेल. सुट्टीच्या खूप खूप शुभेच्छा!"

मला काही दिसत नाही. बाई, तुझं विज्ञान बरोबर असेल, मी रेनडिअर नाही.

३० डिसेंबर

चौथा लागला. गाईंबद्दल होता. चांगला होता.

३१ डिसेंबर

आज पाचवा. शेवटचा.

सकाळी रेडिओ लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला. हा ऐकला की संपलं. मग तिने मला सांगायचं काही उरत नाही. तो न ऐकलेला राहिला, तर एक तरी गोष्ट तिची अजून यायची आहे.

चप्पल घातली आणि बाहेर पडलो. लेक मागून म्हणाली, "बाबा, लागेल आता!" मी म्हटलं, केंद्रवाल्याने प्रत दिली आहे, निवांत ऐकतो. तो गृहस्थ कालच पाचही भाग एका पेन ड्राइव्हवर घालून देऊन गेला होता.

बाहेर तरी कुठे जायचं! कोपऱ्यावरच्या हॉटेलात रेडिओ, रिक्षात रेडिओ. नदीपर्यंत चालत गेलो. तिथे कोणी नव्हतं. पाण्याचा रंग बघितला. गढूळ.

परत येताना औषधवाल्याने हाक मारली. "आजचा एक नंबर! तो पेंग्विन—"

सांगू नका, म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

तो ओशाळला. "बरं बरं. पण साहेब, आवाज किती मोकळा लागला होता हो आज! दम नाही, काही नाही. शेवटचा भाग अगदी मनापासून केलाय त्यांनी."

मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. शेवटचा बोलताना तिला त्रास झाला नाही म्हणजे.

पेन ड्राइव्ह माझ्या खणात आहे. कोणाला सांगितलेलं नाही की तो ऐकणार नाही.

१ जानेवारी

सुट्टी. काही नाही. खण उघडून बंद केला.

२ जानेवारी

लेक आज गेली. निघताना बूट घालता घालता थांबली आणि म्हणाली, "बाबा, एक सांगायचंय. रागावू नकोस." आईने चारच भाग केले होते. पाचव्याला बसली, तिला दम लागला, सोडून दिला. म्हणाली, बरी झाले की येऊन करते. केंद्रात पाचाची जाहिरात होऊन गेली, तेव्हा त्या ध्वनिमुद्रणवाल्याच्या लक्षात आलं. त्याने घरी फोन केला, मी कामावर होतो, हिने उचलला. हिचा आवाज ऐकून त्याला क्षणभर हिची आईच वाटली. फोनवर तर मीही कितीदा फसलोय. आईने लिहून ठेवलेलं होतं, ते हिने दुसऱ्या दिवशी जाऊन वाचलं. त्या दुपारी ती मैत्रिणीकडे नव्हती. "तू येईल त्याला 'पाच आहेत, पाच आहेत' सांगत होतास. मला सांगवेना."

मग म्हणाली, "तू ओळखलंस ना?"

मी म्हटलं, पहिल्याच वाक्याला ओळखलं. छान वाचलंस.

ती माझ्या गळ्यात पडून खूप रडली. मग रिक्षा आली.

म्हणजे चौथाच शेवटचा होता. गाईला तिची सोबतीण जवळ असली की तिच्या काळजाचे ठोके शांत पडतात, एवढं कानावर आलं. बाकीचं नळाच्या आवाजात गेलं. मी भांडी घासत होतो. उद्या एक आहेच, म्हणून नळ बंद केला नाही.